दिवाळीतील किल्ला आणि दुर्गशब्दांचे जीवन

१

मराठी मुलुखातील डोंगरी किल्ल्यांचे लष्करी महत्त्व इ. स. १८१८ मध्ये संपले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा, पायऱ्या व तटबंदी पाडून टाकली, शिबंदी मोडली, आणि ज्या कामाकरिता किल्ले बांधले जात ते कामच उरले नाही. काम नाहीसे झाले की त्या कामाचे शब्दही मागोमाग जातात, हा भाषेच्या इतिहासातील नेहमीचा अनुभव होय. दिडकी व कवडी ही नाणी गेली, त्यांची नावे वाक्प्रचारांपुरती उरली. पायली, अधोली, निठवे ही मापे नव्या पिढीला समजावून सांगावी लागतात. ह्या न्यायाने पाहता बुरूज, माची, बालेकिल्ला, खंदक, टाके, चोरदिंडी हे शब्द आज दोनशे वर्षांनंतर केवळ इतिहाससंशोधकांच्या लेखांत आढळावयास हवे होते.

प्रत्यक्षात तसे झालेले नाही. अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या चाळीच्या अंगणात दिवाळीच्या सुटीत चिखलाने हात माखलेल्या दहा वर्षांच्या मुलास 'बुरूज कोठे घेणार?' असे विचारले तर तो बोटाने जागा दाखवितो. माची कोणती व बालेकिल्ला कोणता, हेही त्यास सांगता येते. इयत्ता चौथीच्या पाठ्यपुस्तकाने त्याला शिवचरित्र शिकविलेले असते हे खरे. परंतु पाठ्यपुस्तकातून मुख्यतः गडांची व पुरुषांची नावे आणि प्रसंग कळतात. गडाच्या अवयवांची नावे तेथे ओघाने येतात आणि ओघाने जातात. ती नावे मुलाच्या तोंडी बसतात ती दिवाळीत स्वतःच्या हाताने किल्ला बांधताना. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. हौसेने केलेल्या हस्तकामात शब्दांना कोणत्या प्रकारचे जीवन लाभते, आणि ते काम थांबल्यास त्यांपैकी कोणते शब्द प्रथम जातात, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

अंबरनाथ-बदलापूरच्या नैर्ऋत्येकडे जी डोंगररांग दिसते तीत मलंगगड व चंदेरी हे दोन किल्ले आहेत. मलंगगडाचे पीरमाची, सोनमाची व बालेकिल्ला असे तीन टप्पे मानले जातात. लोकलगाडीच्या खिडकीतून किंवा घराच्या गच्चीवरून ही रांग रोज नजरेस पडते, त्यामुळे ह्या भागातील मुलांच्या किल्ल्याला नमुना शोधण्याकरिता दूर जावे लागत नाही. तथापि बहुतेक किल्ले रायगड, राजगड, प्रतापगड किंवा सिंधुदुर्ग ह्यांच्या नावाने बांधले जातात. आकार मात्र पुष्कळदा समोर दिसणाऱ्या डोंगराचा असतो.

वसुबारसेच्या चारसहा दिवस अगोदर कामास आरंभ होतो. प्रथम दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौले रचून डोंगराचा सांगाडा उभा करतात. त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट पांघरतात, आणि गोणपाटाच्या चुण्यांतून कडे व घळी आपोआप तयार होतात. मग मातीचे लिंपण येते. ओल्या लिंपणात चपट्या काठीने पायऱ्या कापतात. पत्र्याच्या डब्यात माती ठासून तो पालथा केला की बुरूज उभा राहतो. उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरतात व ती तीनचार दिवसांत उगवून येईल असा बेत राखतात. गेरू, राख, चुना आणि रंगविलेला भुसा ही रंगद्रव्ये. शेवटी चित्रे मांडली जातात, आणि संध्याकाळी पायऱ्यांवर पणत्या लागतात. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला राहतो, नंतर माती मातीस मिळते.

'चित्रे' हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मातीच्या वा प्लॅस्टरच्या बाहुल्यांना, म्हणजे मावळे, भालदार, गवळण, वासुदेव, वाघ ह्यांना, मुले व कुंभार दोघेही 'किल्ल्यावरची चित्रे' म्हणतात. शहरी मराठीत चित्र म्हणजे कागदावरचे किंवा भिंतीवरचे, असा अर्थ रूढ झालेला असल्यामुळे हा प्रयोग नवख्यास चमत्कारिक वाटतो. परंतु संस्कृत शिल्पग्रंथांत सर्व बाजूंनी कोरलेल्या मूर्तीस 'चित्र', भिंतीवरील उठावाच्या कामास 'अर्धचित्र' आणि रंगविलेल्या आकृतीस 'चित्राभास' म्हणजे चित्राचा केवळ भास, अशी परिभाषा आहे. जो जुना अर्थ पंडितांना ग्रंथ उघडून शोधावा लागतो तो कुंभाराच्या पाटीत सहज सापडतो.

क्रियापदेही अशीच नेमकी आहेत. किल्ला 'बांधतात' किंवा 'करतात'. चित्रे 'मांडतात', जशी भातुकली मांडतात. तोफा 'ठेवतात', पहारेकरी 'उभे करतात'. शिवाजी महाराजांची मूर्ती मात्र सिंहासनावर 'बसवितात', जसा गणपती बसवितात. कोणीही ही वाटणी ठरवून दिलेली नाही. पण 'महाराज ठेवले' असे म्हणणारे मूल विरळा. आदर, खेळ, श्रम व मांडणी ह्या चार भिन्न वृत्ती चार क्रियापदांनी वेगळ्या राखल्या आहेत.

३

किल्ल्याच्या अवयवांची नावे तीन थरांची आहेत. पहिला थर संस्कृत-प्राकृतातून वाहत आलेल्या शब्दांचा. 'कोट' हा संस्कृत 'कोट्ट' ह्या दुर्गवाचक शब्दाचा वंशज. 'तट' म्हणजे मुळात नदीचा काठ किंवा डोंगराचा उतार. मराठीत तो किल्ल्याच्या भिंतीला लागला, कारण डोंगरी किल्ल्याची भिंत कड्याच्या काठावरूनच जाते. 'माची' हा शब्द 'मञ्च' ह्या शब्दाशी जोडला जातो. डोंगराच्या अंगाला मंचासारखी आलेली सपाटी ती माची.

दुसरा थर फारसी, अरबी व तुर्की शब्दांचा. 'किल्ला' अरबी 'कलआ'पासून, 'बुरूज' अरबी 'बुर्ज'पासून, 'दरवाजा' फारसीतून, 'तोफ' तुर्कीतून. 'खंदक' अरबीतून आला, पण अरबीने तो स्वतः खणण्याच्या अर्थाच्या फारसी धातूवरून घेतला होता. 'बालेकिल्ला' ह्यातील पहिले पद फारसी 'बाला' म्हणजे 'वरचा' हे होय. तेच पद घाटावरच्या प्रदेशाच्या 'बालाघाट' ह्या नावात आहे. हे शब्द मराठीने जसेच्या तसे घेतले नाहीत. शब्दाच्या शेवटी येणारे जोडाक्षर मराठी जिभेला न मानवल्यामुळे मध्ये एक स्वर घालून ते सोडविले: बुर्ज-बुरूज, हुक्म-हुकूम, मुल्क-मुलूख. ह्या फोडणीवरून शब्द दरबारी कागदातून न उतरता तोंडोतोंडी आला असावा, असे अनुमान करता येते.

तिसरा थर खास कारागिरीच्या व पहाऱ्याच्या शब्दांचा. तटाच्या आतील बाजूने पहारेकऱ्यास फिरण्याकरिता ठेवलेली वाट ती 'फांजी'. बंदुकीच्या माऱ्याकरिता तटाला ठेवलेली तिरपी भोके त्या 'जंग्या'. ह्यात युद्धवाचक फारसी 'जंग' दिसतो. तटाच्या माथ्यावरील पाकळ्यांसारखा कठडा त्या 'चर्या'. दरवाजाच्या आतील पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या त्या 'देवड्या', मोठ्या दारातील लहान दार ती 'दिंडी', संकटकाळी निसटण्याची गुप्त वाट ती 'चोरदिंडी', गडाच्या उतारावरील चौकी ते 'मेट'.

ह्या थरांची सरमिसळ ध्यानात न घेतल्यास कसा घोटाळा होतो ह्याचे एक उदाहरण अंबरनाथच्याच नावात आहे. पन्हाळगडावरील धान्याच्या प्रचंड कोठारास 'अंबरखाना' म्हणतात. त्यातील 'अंबर' हा फारसी 'अंबार', म्हणजे साठा. अंबरनाथातील 'अंबर' निराळा. येथील शिवमंदिराच्या शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या, शिलाहार राजा माम्वाणी (मुम्मुणी) ह्याच्या कारकिर्दीतील शिलालेखात देवाचे नाव 'आम्रनाथ' असे आले आहे. 'आम्र' ह्यातील म आणि र ह्यांच्या उच्चारात मध्ये ब उत्पन्न होतो. 'आम्र'पासून 'आंबा' व 'ताम्र'पासून 'तांबे' हे त्याच नियमाने झाले. मंदिराचे शिखर अपूर्ण असल्यामुळे गाभाऱ्यावर आकाश दिसते, तेव्हा 'अंबर म्हणजे आकाश' हा तिसरा अर्थ सुचावा हे स्वाभाविकच होय. एकाच उच्चाराच्या मागे आंबा, आकाश आणि धान्याचा साठा उभे आहेत. मुलाने आपल्या मातीच्या किल्ल्यावर धान्याचे कोठार बांधून त्याला 'अंबरखाना' म्हटले तर त्याचा अर्थ त्याला विचारावा लागत नाही, कारण आत चार दाणे त्यानेच टाकलेले असतात.

४

येथे एक ऐतिहासिक प्रश्न उपस्थित होतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' रघुनाथपंडितांकडून करविला. त्याच्या दहा वर्गांपैकी एक 'दुर्गवर्ग' आहे. म्हणजे किल्ल्याची परिभाषा बदलण्याचाही विचार त्यात होता. अष्टप्रधानांची पदे ह्याच धोरणानुसार बदलली. पेशवा तो पंतप्रधान, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव, डबीर तो सुमंत, सरनोबत तो सेनापती झाला. वि. का. राजवाडे ह्यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्दांची मोजदाद करून शिवकालानंतर त्यांचे प्रमाण झपाट्याने घटले असे दाखविले आहे. कागदावर धोरणाला यश आले, ह्यात संशय नाही.

परंतु बुरूज बुरूजच राहिला. तोफ, दरवाजा, खंदक, किल्ला हेही राहिले. मुख्य प्रधानाचे 'पेशवा' हे नावसुद्धा पुढे परत आले व एका संपूर्ण कालखंडास चिकटले. ह्याचा अर्थ रघुनाथपंडितांचे पर्याय वाईट होते असा नव्हे. पदाचे नाव शिक्क्यावर, सनदेत व मायन्यात असते. ते शिक्का बदलून बदलता येते. बुरुजाचे नाव मात्र पाथरवटाच्या, गवंड्याच्या, गोलंदाजाच्या तोंडी असते, आणि ते काम चालू असताना ओरडून सांगावयाचे असते. ज्या शब्दाने रोज दगड उचलला जातो तो शब्द आज्ञेने खाली ठेवता येत नाही. हाताने सांभाळलेली शब्दसंपत्ती बदलास सर्वांत सावकाश वश होते, हा ह्या कोशाच्या इतिहासाचा एक धडा आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की असा शब्द हातावर अवलंबून असल्यामुळे हात थांबताच तो निराधार होतो.

५

हाताने मिळविलेला अर्थ कोशातील अर्थाहून कसा वेगळा असतो, हे तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल. ह्या तिन्हींची तुलना रामचंद्रपंत अमात्यांच्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या, 'आज्ञापत्र' ह्या ग्रंथातील दुर्गप्रकरणाशी करता येते.

पहिले उदाहरण बुरुजाचे. कोशात बुरूज म्हणजे तटातून पुढे आलेला भाग, इतके कळते. तो बहुधा गोल का असतो हे कोश सांगत नाही. मूल प्रथम चौकोनी बुरूज करते. दुसऱ्या दिवशी माती वाळू लागली की त्याचे कोपरे आधी तडकतात व झडतात. तिसऱ्या दिवशी ते मूल डबा शोधते. खऱ्या किल्ल्यात कारण थोडे निराळे असते: तोफगोळ्याला कोपरा मिळाला की तो तेथून भिंत उचकटतो, आणि कोपऱ्याच्या आड शत्रू लपू शकतो. तथापि 'कोपरा ही दुबळी जागा' हे मूलतत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

दुसरे उदाहरण टाक्याचे. किल्ल्यावर पाणी हवे म्हणून मूल माथ्यावर खळगा करून पाणी ओतते. पाणी मुरते, उलट खालचा कडा ओला होऊन ढासळतो. मग तळाशी प्लॅस्टिकचा कागद येतो किंवा वाटी पुरली जाते. आज्ञापत्राचा दंडक असा, की आधी पाण्याची सोय पाहावी व मग किल्ला बांधावा. पाणी नसलेल्या जागी बांधणे भाग पडल्यास खडक फोडून तळी व टाकी करावी, आणि एकाच पाण्यावर विसंबू नये. टाके खडकात का खोदावयाचे, हे मुरलेल्या पाण्याने मुलास आधीच सांगितलेले असते. 'तळे' व 'टाके' ह्यांतील भेद त्याला व्याख्येने शिकवावा लागत नाही.

तिसरे उदाहरण दरवाजाचे. येथे मुलाचा किल्ला व अमात्यांचा किल्ला ह्यांची फारकत होते. मूल दरवाजा समोर, मधोमध व भव्य करते. रुंद, सरळ पायऱ्या थेट त्याच्याशी नेऊन भिडविते. आज्ञापत्राप्रमाणे दरवाजा खालून येणाऱ्या माऱ्यापासून बचावलेला, पुढे बुरूज देऊन त्यांच्या आड घेतलेला असावा. रायगडाच्या महादरवाजाची रचना अशीच आहे: वाट बुरुजांच्या कवेत शिरून वळते आणि मगच दरवाजा दिसतो. ह्या बांधणीस 'गोमुखी' म्हणतात. खरा किल्ला न दिसण्याकरिता असतो, दिवाळीतला दिसण्याकरिता. मुलाचे हे अज्ञान नव्हे. येणाजाणाऱ्यांनी थांबून पाहावे ही त्याची हौस असते, आणि ती हौस दरवाजाला आडून समोर आणते. रायगड पाहून आलेला एखादा मोठा भाऊ जेव्हा 'दरवाजा असा नसतो' म्हणून वाद घालतो तेव्हा 'गोमुखी' हा शब्द त्या अंगणात शिरतो. शब्द शिकण्याकरिता ह्याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही.

६

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करण्याची आवड ही सार्वत्रिक आहे, आणि तिचे एक प्राचीन उदाहरण अंबरनाथकरांच्या नित्य परिचयाचे आहे. शिवमंदिराचे शिखर भूमिज शैलीचे. ह्या शैलीत चार दिशांना चार उभ्या पट्ट्या, म्हणजे लता, असतात व त्यांमधील जागा लहान लहान शिखरांच्या ओळींनी भरलेली असते. पाथरवटाने शिखर रचले ते शिखराच्याच प्रतिकृतींनी. ह्याच मंदिराची पुढे दुसऱ्या प्रकारे प्रतिकृती झाली. इ. स. १८६८ मध्ये मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील टेरी ह्यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांचा एक गट येथे आला. त्याने मंदिराची मोजमापे व रेखाचित्रे केली आणि शिल्पांचे प्लॅस्टरचे साचे काढले. ज्याची प्रतिकृती करावयाची त्याच्या प्रत्येक भागाला नाव लागते. पाहणाऱ्याला 'वर कोरीव काम आहे' एवढे म्हणून पुढे जाता येते. साचा काढणाऱ्याला कोणता भाग, कितवी ओळ, हे म्हणावेच लागते. अंगणातील मुलावर हीच सक्ती असते.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र दिवाळीचा किल्ला वेगळा नियम पाळतो. पाश्चात्त्य देशांत प्रतिरूपे करण्याचा छंद काटेकोर प्रमाणावर उभा आहे: बहात्तरास एक, पस्तिसास एक, असे गुणोत्तर एकदा ठरले की माणूस, तोफ व भिंत सर्व त्याच मापाची. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्याहून उंच असते, वाघ घोड्याएवढा असतो. येथे आकार अंतराने ठरत नसून योग्यतेने ठरतो. मंदिराच्या भिंतीवर देवाची मूर्ती मोठी व परिवार लहान, हा जो शिल्पातील जुना संकेत आहे तोच हा होय.

दुसरा भेद गतीचा. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जो युद्धखेळ रचला व ज्याचे नियम १८२४ साली प्रसिद्ध झाले, त्यात नकाशावर सैन्याचे ठोकळे पाळीपाळीने हलवीत व फासे टाकून निर्णय करीत. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स ह्यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' ह्या पुस्तकाने तो छंद शिशाच्या सैनिकांसह घराघरांतील जमिनीवर आणला. त्या खेळांची परिभाषा चालीची, पल्ल्याची व डावाची आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर लढाई होत नाही. मावळे पहारा देत उभे असतात. म्हणून त्याची परिभाषा स्थानांची आहे: वर, खाली, आड, समोर, माचीवर, दरवाजात.

चालींचे व शस्त्रांचे शब्द महाराष्ट्रात दुसऱ्या हौशी परंपरेने राखले आहेत. कोल्हापूरच्या आखाड्यांतील मर्दानी खेळांत दांडपट्टा, फरी-गदका, बोथाटी हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. 'विटा' म्हणजे मनगटाला दोरीने बांधलेला, फेकून परत ओढता येणारा भाला, हा शब्द तर आखाड्याबाहेर क्वचितच ऐकू येतो. रायगडावर राज्याभिषेकाच्या वार्षिक सोहळ्यात हे खेळ होतात तेव्हा सहस्रावधी लोक ते शब्द ऐकतात. अमेरिकेत बर्कली येथे १९६६ साली मध्ययुगीन युरोपचे जीवन हौसेने उभे करणारी मंडळी एकत्र आली. त्यांच्या परंपरेतील कवच घडविणाऱ्यांच्या तोंडी 'गॉर्जेट' म्हणजे गळ्याचे कवच, असे इंग्रजीतून केव्हाच मागे पडलेले शब्द पुन्हा कामाचे शब्द झाले आहेत. देश व काळ भिन्न असले तरी व्यापार एकच आहे: वस्तू पुन्हा घडवू लागताच तिचे नाव पुन्हा लागते.

७

उल्हासनगरात ह्या विषयास एक निराळी जोड मिळते. फाळणीनंतर कल्याण कँपात आलेल्या सिंधी निर्वासितांच्या ह्या वसाहतीचे नाव १९४९ साली उल्हासनगर झाले. सिंधी घरांत दिवाळीला 'हटडी' पूजण्याची चाल आहे. हटडी म्हणजे मातीचे, खांबांवर उभे असे चिमुकले दुकान. एकाच रेल्वेमार्गावर, एकाच सणाला, एका घरी मातीचा किल्ला व दुसऱ्या घरी मातीचे दुकान असते, आणि दोन्हींवर दिवे लागतात. शब्दही परके नाहीत. प्राकृत 'हट्ट'पासून मराठीत 'हाट' व सिंधीत 'हटु' झाले. मराठीने जोडाक्षर सोडताना आधीचा स्वर लांबविला, सिंधीने तो ऱ्हस्वच ठेवला. 'हत्थ'पासून मराठीत 'हात' व सिंधीत 'हथु' झाले ते ह्याच नियमाने. ज्या हातांनी ह्या वस्तू होतात त्यांच्या नावातही दोन भाषांचे नाते दिसावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

परंतु दोन्ही वस्तूंवर आलेले संकट सारखेच आहे. ह्या तिन्ही शहरांत बैठी घरे व चाळी जाऊन उंच इमारती आल्या. अंगणाच्या जागी फरशीचे वाहनतळ आले. माती विकत आणावी लागते, आणि जिन्यात चिखल झाल्यास तक्रार होते. बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले मिळतात. त्यांवर बुरूज, दरवाजा, पायऱ्या साच्यातूनच उतरलेल्या असतात. असा किल्ला घरी ठेवण्यात गैर काही नाही, कारण जागा नसलेल्या घरातही सणाची खूण राहते. पण भाषेच्या दृष्टीने एक फरक घडतो, आणि तो क्रियापदात उमटतो. 'आम्ही किल्ला बांधला' ह्याच्या जागी 'आम्ही किल्ला आणला' येते. 'बांधला' म्हटले की मागोमाग कोठे, कसा, कशाने, हे प्रश्न येतात आणि त्यांच्या उत्तरांत माची, तट, टाके येतात. 'आणला' म्हटले की प्रश्न एकच उरतो: केवढ्याला?

ह्यात सर्व शब्दांना सारखा धोका नाही. बालेकिल्ला, बुरूज व खिंड हे शब्द वर्तमानपत्रांनी लाक्षणिक अर्थाने उचलले आहेत. अमुक पक्षाचा बालेकिल्ला, अमुकाचा बुरूज ढासळला, अमुकाने खिंड लढविली, असे प्रयोग निवडणुकीच्या दिवसांत पदोपदी भेटतात. हे शब्द राहतील. मात्र त्यांतील चित्र पुसट होईल. बालेकिल्ला हा किल्ल्याचा सर्वांत वरचा व शेवटचा आसरा, हे न कळता तो केवळ 'बहुमताची जागा' ह्या अर्थाने राहील. माची, फांजी, जंगी, चर्या, देवडी, मेट ह्यांना असा लाक्षणिक आधार नाही. ते केवळ हाताने व पायाने जगतात: किल्ला बांधणाऱ्याच्या हाताने आणि गड चढणाऱ्याच्या पायाने. गिर्यारोहकांनी त्यांपैकी पुष्कळ शब्द राखले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. पण गड चढण्याचे वय येण्यापूर्वी शब्दाची ओळख होते ती अंगणात.

२०२५ साली 'मराठा लष्करी भूप्रदेश' ह्या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात व जिंजी हा तामिळनाडूत आहे. ह्या मान्यतेमुळे तटबंदीच्या संरक्षणास बळ मिळेल. तटावरील वाटेला फांजी म्हणणारी माणसे राखणे मात्र कोणत्याही यादीच्या आवाक्यातले नाही.

८

ह्याकरिता मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. पुष्कळ मुले किल्ल्यावर काडीला कागद चिकटवून नावांच्या पाट्या लावतात: 'राजदरबार', 'तोफ', 'पाण्याचे टाके'. ह्या पाट्या म्हणजे दरवर्षी नव्याने लिहिला जाणारा एक लहानसा दुर्गकोशच होय. भाषेच्या अभ्यासकांनी व शाळांनी दिवाळीच्या चार दिवसांत त्या जशाच्या तशा, मुलांच्या लेखनासह, टिपून ठेवल्यास कोणता शब्द कोठे जिवंत आहे, कोठे त्याच्या जागी दुसरा आला आहे, ह्याचा नकाशा काही वर्षांत तयार होईल. ना. गो. चापेकर ह्यांनी १९३३ साली बदलापूर गावावर ग्रंथ लिहून एका गावाचे जीवन तपशिलाने कसे नोंदवावे ह्याचा धडा ह्याच परिसरात घालून दिला आहे.

शाळांना आणखी एक गोष्ट करता येईल. स्पर्धेत किल्ल्याच्या देखणेपणास गुण दिले जातात, तसेच किल्ला बांधणाऱ्याने त्याचे दहा भाग नावानिशी दाखविण्यासही गुण द्यावेत. जेथे अंगण नाही तेथे गच्चीच्या एका कोपऱ्यात, चार घरांनी मिळून, एक पोते मातीत हे काम होते. उल्हासनगरच्या शाळांत किल्ल्याशेजारी हटडीही करावी. दोन भाषांच्या मुलांना एकमेकांच्या वस्तूंची नावे त्या निमित्ताने कळतील.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडतात, ह्याची खंत करण्याचे कारण नाही. शिवमंदिराच्या दगडाला साडेनऊशेहून अधिक वर्षे टिकावे लागले तेव्हा 'आम्रनाथ' हे नाव आपल्यापर्यंत पोचले. मातीच्या किल्ल्याचे नाव पोचविण्याची रीत निराळी आहे. तो दरवर्षी मोडतो म्हणूनच दरवर्षी बांधावा लागतो, आणि बांधताना कोणीतरी धाकट्याला सांगते, 'अरे, ती माची आहे, तेथे पाय देऊ नको.'